जूनमध्ये शाळेत जाणारी पोरं: एबीसीडी झाली, बाकीच्या तयारीचं काय?

बकुळमाळ (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. नाशिककडच्या एका मराठी शाळेत बालवर्ग घेते, बरीच वर्षं झाली. प्रवेशाचे दिवस आले की दारात तेच संवाद. "ताई, हिला शंभरपर्यंत येतं." "ह्याला सगळे कलर्स येतात, विचारा ना काहीतरी." ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं ते पोरगं आईच्या ओढणीत तोंड खुपसून उभं. नाव विचारलं तर उत्तर आई देते, वय विचारलं तर बाबा, आणि "तुला खायला काय आवडतं रे?" विचारलं तर आजी.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वर्गात कुणाचं अडतं ते येऊन बघा. अक्षरं न येणाऱ्याचं अजिबात अडत नाही, ती शिकवायला आम्ही बसलोच आहोत. अडतं ते शू लागली हे अनोळखी मोठ्या माणसाला सांगता न येणाऱ्याचं. घसरगुंडीवर आपला नंबर येईपर्यंत थांबायचं असतं हे ज्याच्या गावीही नाही त्याचं, कारण घरात तो एकटा आणि नंबर कायम त्याचाच. शेजारच्याने खडू ओढला की एकतर चावायचं नाहीतर थिजून बसायचं; "दे, माझा आहे" हे मधलं वाक्य ज्याच्या तोंडात नाही त्याचं.

गेल्या जूनमधली गोष्ट. डब्याची सुट्टी, सगळे खाताहेत, आणि एक मुलगी डबा मांडीवर घेऊन गप्प बसलेली. चारही बाजूंनी क्लिपा असलेला हवाबंद, महागातला डबा. नख लावून तिने एक क्लिप उचकटली होती, तीन तशाच. रडत नव्हती, कुणाला हाकही मारत नव्हती. सुट्टी संपत आली तेव्हा मावशींचं लक्ष गेलं. आत बदामाच्या आकारात कापलेल्या पोळ्या! त्या कापायला जेवढा वेळ गेला असेल तेवढ्यात तोच डबा घरी मुलीकडून पाचदा उघडून घेता आला असता.

आता दुसरी बाजू. जिल्हा परिषदेच्या शाळांत २०२२ पासून 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. शेजारच्या शाळेत मी मदतीला जाते. सात टेबलं असतात: नोंदणी, शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटचं पालकांशी बोलण्याचं. मुलाच्या हातात विकासपत्र असतं, ते एकेका टेबलावर भरत जातं. एक मेळावा एप्रिलच्या सुमारास, दुसरा शाळा उघडल्यावर. दोन्हींच्या मधल्या उन्हाळी सुट्टीत वस्तीतल्या आयांचे गट करून त्यांना घरी करायच्या कृतींची कार्डं देतात. कल्पना मला मनापासून पटलेली आहे. पण तिथे उभं राहून बघा. चेंडू टोपलीत टाकायच्या टेबलाशी टाळ्या आणि गलका. सामाजिक-भावनिकच्या टेबलाशी आई मागून कुजबुजत उत्तरं पुरवते. मी विचारलं, "तुला भीती कशाची वाटते?" मूल विचार करायला लागलं तोवर मागून आवाज आला, "सांग, कशाचीच नाही!"

पालकांचा सहभाग म्हटलं की शाळांना प्रोजेक्ट आठवतो. थर्माकोलचा इग्लू करत मध्यरात्रीपर्यंत जागणारे बाबा मी पाहिलेत. मुलाच्या दृष्टीने त्या जागरणाचा उपयोग शून्य. मला हवा आहे तो सहभाग घरात होतो, कुणाला दिसत नाही आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकता येत नाही.

तुमच्याकडे काय चित्र आहे? पालक, शिक्षक, आजीआजोबा, सगळ्यांनी लिहा.

---

तिरकस

रुमाल टाकून ठेवतो, धागा चालणार.

आमची भावनिक तयारी वडिलांनी बखोटीला धरून केली. गुरुजींनी छडी टेबलावर ठेवून ती पूर्णत्वास नेली. तरी आज व्यवस्थित आहे असं माझं मत आहे. बायकोचं वेगळं आहे, पण तिला या संस्थळाचा पत्ता दिलेला नाही. हलकेच घ्या.

---

चिंगीची_आई

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही पुण्यात. लेक नोव्हेंबरअखेरची. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होत असल्याने नियमाप्रमाणे यंदा पहिलीत बसते, पण जूनमध्ये ती साडेपाचचीच असेल. तिच्याच वर्गात जानेवारीत जन्मलेली मुलं असणार, म्हणजे जवळजवळ वर्षाने मोठी. या वयात वर्ष म्हणजे केवढं!

शाळा बदलतोय. नव्या शाळेने 'संवाद' म्हणून आम्हा तिघांना बोलावलं. चिंगीला चित्र दाखवून प्रश्न विचारले, तिने तोंड उघडलं नाही. घरी येऊन त्या चित्रातल्या माकडाची अख्खी गोष्ट सांगितली. त्यांनी आम्हाला सुचवलं की "चाइल्ड इज नॉट रेडी".

तर प्रश्न दोन. एक वर्ष थांबवावं का? आणि सोडताना ती फार रडते. सासूबाईंचं म्हणणं, तिचं लक्ष नसताना हळूच सटकायचं, त्यांनी तिघांना असंच वाढवलं. मला ते जिवावर येतं, पण त्यांच्याशी वाद कसा घालू?

---

कलमबहाद्दर

@चिंगीची_आई, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कुठलीही चाळणी घ्यायला मनाई आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत. नर्सरीबाबत शाळा वाद घालतात की कायदा ६ ते १४ वयाचा आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांच्या बाजूने कौलही दिला होता. पण तुमचा प्रवेश पहिलीचा आहे, तिथे ही पळवाट नाही. 'संवाद' हे नाव दिल्याने चाळणी संवाद होत नाही. लेखी मागा: कोणत्या निकषावर 'नॉट रेडी'? बहुतेक वेळा लेखी म्हटलं की मूल अचानक रेडी होतं.

---

बकुळमाळ

कलमबहाद्दर, शेवटचं वाक्य कापून फळ्यावर लावते.

चिंगीची आई, मुलीला न बघता 'थांबवा' किंवा 'घाला' असं सांगणार नाही. पण अनोळखी खोलीत, अनोळखी माणसापुढे गप्प बसून घरी गोष्ट सांगणारं मूल मला तरी अगदी शहाणं वाटतं. बघायचं ते वेगळं: तिच्या आत्ताच्या बालवर्गात, ओळखीच्या ताईंशी ती बोलते का? लागलं तर मदत मागते का? एखाद्या तरी मुलाशी मिळून खेळते का? याला हो असेल तर मी तिला पहिलीत बसवीन. नसेल तर आत्ताच्या ताईंशी निवांत बोला, त्या तिला दोन वर्षं बघताहेत. नव्या शाळेतल्या बाईंनी तिला दहा-पंधरा मिनिटं पाहिलंय.

सटकायचं मात्र नाही. याबाबतीत मी हट्टी आहे. सटकल्याने त्या दिवशीचं रडणं वाचतं, आणि दुसऱ्या दिवसापासून मूल आईवरची नजरच काढत नाही. खेळ समोर असतो, पण डोळे दाराकडे. 'मी गाफील राहिले की आई जाते' हे ते शिकलेलं असतं. निरोप घ्यायचा, तोंडावर, थोडक्यात. "मी आता जाते. डबा झाला, गोष्ट झाली की आजी घ्यायला येईल." 'दोन तासांनी' म्हणू नका, तास त्यांना कळत नाही, डबा कळतो. आणि सांगितलं तेच माणूस, सांगितल्या वेळी, दारात हजर पाहिजे.

सासूबाईंशी वाद नकोच. उलट घ्यायला त्यांनाच पाठवा. "डबा झाला की आजी येणार" हे वचन त्यांच्या नावावर गेलं की त्या सटकायचं आपसूक सोडतील असा माझा अंदाज.

---

स्टेअरिंग

मी शाळेची व्हॅन चालवतो, कल्याणला. बहुतेक वाचनमात्र असतो, पण या विषयावर बोलायचा आपलापण हक्क आहे, कारण निरोप शाळेच्या दारात नाही, माझ्या व्हॅनच्या दारात होतो.

जूनमध्ये एक पोरगा होता. खिडकीची दांडी दोन्ही हातांनी पकडून बसायचा. पप्पा खाली उभे, "मी इथेच आहे बेटा, कुठे जात नाही." आणि मी गिअर टाकायच्या आत त्यांची बाईक सुरू. पोरगा बाईकचा आवाज ओळखत होता! शाळेपर्यंत तोंडाने एकच, "पप्पा गेले, पप्पा गेले." पुढच्या सीटवर बसवून मी त्याला सिग्नलचे रंग बोलायला लावले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पप्पांना मी सांगितलं, साहेब, "ऑफिसला चाललो, संध्याकाळी भेटू" एवढं खरं बोला. पटायला वेळ लागला.

दुसरं, मोबाईल हातात देऊन चढवू नका. दारात तो काढून घेताना जे होतं ते मी निस्तरतो.

२०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका म्हणून काढलं, तेव्हा आमच्या फेऱ्यांचं गणित कोलमडलं, शिव्या घातल्या. पण बारक्यांच्या बाबतीत खरं सांगतो, सातच्या शाळेला पोरं झोपेतच चढायची आणि उतरताना रडायची. आता निदान चढतानाच रडतात, घरचे बघतात तरी.

---

सोनकी

स्टेअरिंगदादा +१. लिहीत जा हो.

---

नेकरकाठचा

श्टुटगार्टहून. आमच्याकडे किटात, म्हणजे बालवाडीत, मूल घालायचं तर आईबापांपैकी एकाला आधी रजा काढावी लागते. रुळवण्याची रीतसर पद्धत आहे, 'बर्लिन मॉडेल' म्हणतात. पहिले तीन दिवस पालकाने मुलासोबत वर्गात यायचं, साधारण तासभर, आणि कोपऱ्यात नुसतं बसायचं. खेळवायचं नाही, ढकलायचं नाही. मूल तुमच्याकडे आलं तर जवळ घ्यायचं, बस. या तीन दिवसांत वेगळं करायचा प्रयत्न अजिबात नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर, फार तर अर्धा तास. आणि चौथा दिवस सोमवारी येत असेल तर मंगळवारी, कारण शनिवार-रविवार घरी काढून आलेल्या मुलाला सोमवारी सोडू नये. जर्मनांचं हे असं असतं.

मूल रडतं की नाही याला फार महत्त्व देत नाहीत. रडल्यावर तिथल्या ताईच्या कुशीत शांत होतं का, हे बघतात. झालं तर वेळ वाढवत जायचा, नाही झालं तर पालक परत आत आणि आणखी काही दिवस थांबायचं.

मी स्वतः बसलो होतो. पहिला दिवस वाटला, हे काय, पगारी बसणं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी सारखा "अरे, ते बघ किती छान ट्रॅक्टर!" करतोय आणि ताई माझ्याकडे बघतेय. गप्प बसणं हे काम आहे. मराठी माणसाला तर फारच अवघड.

---

तिरकस

पंत, इथे आजारपणाची अर्धी रजा मागितली तरी साहेब थर्मामीटर मागतो. 'मुलाच्या वर्गात कोपऱ्यात बसायचंय' म्हणून रजेचा अर्ज टाकला तर तो अर्ज नोटीस बोर्डावर लागेल.

---

सातची_लोकल

हेच लिहायला आले. बकुळमाळताई, तुमचा राग नाही, पण हे असले धागे वाचले की माझ्या पोटात गोळा येतो. सगळं फिरून फिरून आईवर. मी बदलापूरहून निघते, घरी पोचायला साडेसात होतात. लेक पाळणाघरात. बदामाच्या पोळ्या मी केल्या नाहीत आणि डबा उघडायची प्रॅक्टिसही मी घेतली नाही. ती डबा उघडायला पाळणाघरातल्या काकूंकडून शिकली, बूट घालायला तिथल्याच एका मोठ्या मुलीकडून. नंबर लावायला तर फार लवकर शिकली, कारण तिथे एकच झोका आहे.

शाळा काय करते? पालकसभा बुधवारी सकाळी अकराला. न गेलं की वहीत शेरा: "पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावे." सरकारचे ते मेळावे, त्यांचे गट 'माता पालक गट'! बापाने काय घोडं मारलंय? मुलाच्या मनाची तयारी हे आईचं खातं, असं छापूनच टाकलंय म्हणायचं.

---

बाप_माणूस

सातची लोकल यांना शंभर टक्के अनुमोदन. मी मुलाला शाळेच्या कार्यक्रमाला घेऊन गेलो तर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मम्मी बरी आहे ना?"

---

मनकवडी

बालसमुपदेशक आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

सातची लोकल, तुमच्या लेकीची तयारी उत्तम चालली आहे हे आधी सांगते. पालकांच्या सहभागावर अमेरिकेत जॉन फँटुझो आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतल्या बालवाड्यांमध्ये बरंच काम केलंय. सहभागाचे त्यांनी तीन भाग पाडले: घरातला, शाळेत जाऊन केलेला आणि शिक्षकांशी बोलण्याचा. २००४ च्या अभ्यासात मुलांची शिकण्यातली रुची, चिकाटी, वर्गातली वागणूक या सगळ्याशी सर्वांत घट्ट संबंध निघाला तो घरातल्या सहभागाचा. म्हणजे बुधवारी अकराला जो हजर नसतो त्याने जीव टांगणीला लावून घ्यायची गरज नाही. रात्री भात कालवताना "आज कुणाशी भांडलीस? मग काय केलंस?" एवढं विचारणं आणि उत्तर संपेपर्यंत सल्ला न देणं, हा सहभागच आहे. तो बाबांनाही जमतो, आजोबांनाही.

समाजात मिसळायच्या या गोष्टी लहानपणी किती महत्त्वाच्या, याचा आणखी एक दाखला २०१५ चा. तिकडच्या बालवाडीतल्या ७५३ मुलांना शिक्षकांनी वाटून घेणं, सहकार्य, मदत करणं यावर गुण दिले आणि मुलं पंचविशीला येईपर्यंत माग काढला. ज्यांचे गुण चांगले ती पदवीपर्यंत आणि पूर्णवेळ नोकरीपर्यंत पोचण्याची शक्यता जास्त निघाली.

एक गोष्ट मला बकुळमाळताईंच्या लेखात थोडी खटकली. "भीती कशाची वाटते?" हा प्रश्न मेळाव्यात, गर्दीत, चारचौघांत विचारायचाच कशाला? आई कुजबुजली कारण तिलाही परीक्षा वाटली. आपणच टेबल मांडून, कागद पुढे घेऊन बसलो की पालक उत्तरं पुरवणारच.

---

तिरकस

पंचविशीवाल्या अभ्यासाबद्दल एक शंका, या वेळी गंभीरपणे. वाटून खाणाऱ्या मुलाच्या घरी मुळात वाटण्यापुरतं असतं. चांगलं घर, शांत आईबाप, म्हणून मूल मिळून वागतं आणि पुढे पदवीही घेतं. मग पदवी मिळून वागण्याने मिळाली की घराने?

---

मनकवडी

रास्त शंका. घरची परिस्थिती वगैरे त्यांनी हिशेबात धरली होती, पण अशा अभ्यासातून 'यामुळेच ते झालं' असं ठामपणे म्हणता येत नाही, संबंध दिसतो एवढंच. म्हणून मी पालकांना त्यातले आकडे सांगत नाही, भात कालवायला सांगते.

---

उसाचं_टिपरू

गुर्जी आहे, बीड जिल्ह्यात, पहिली-दुसरी माझ्याकडं. वरची सगळी चर्चा वाचली. चांगली आहे. पण आमच्याकडं पालकांचा सहभाग दिवाळीपर्यंतच असतो हो.

जूनमध्ये पोरगं येतं, रडतं, रुळतं. आई सोडायला येते, बाप येतो. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत गाणी म्हणायला लागतं. मग मुकादमाची उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. कोयता म्हंजी नवराबायकोची जोडी. गाडीत भांडीकुंडी, कोंबड्या, तान्हं पोर. शाळेतलं एकतर सोबत जातं, नाहीतर आजीकडं राहतं. सोबत गेलं तर कारखान्याच्या कोपीवर, म्हंजी झोपडीवर, शाळा सुटलीच. आजीकडं राहिलं तर हंगामी वसतिगृहाच्या नावाखाली जेवण मिळतं, नाव मोठं आहे पण पोराला ते जेवण आणि आजी एवढंच.

तवा आमच्याकडं भावनिक तयारीची परीक्षा जूनमध्ये नाही, गाड्या निघाल्या त्या आठवड्यात असते. चांगलं बोलणारं पोरगं गप्प होतं. एखादं मारकं होतं. लिहिलेलं विसरतं. पहिल्यांदा मला वाटायचं अभ्यासात मागं पडलं, सराव वाढवा. सराव कसला वाढवता, आई गेलीय त्याची.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. गाड्या निघायच्या आधी आईबापांना शाळेत बोलावतो, दोघांना. पोरासमोर सांगायला लावतो, "आम्ही ऊस तोडायला चाललोय, पाडव्याच्या आगंमागं येणार, तोवर तू आजीकडं." बायका रडतात, गडी मान खाली घालतात, पण पोराला कळतं तरी. आधी रातोरात गाड्या जायच्या, पोरगं सकाळी उठून आईला शोधायचं. ताई सटकायचं म्हणल्या ना, हे त्याच्यापेक्षा मोठं सटकणं आहे, आणि त्यात आईचा इलाज नसतो.

आजीला पालक म्हणून शाळेच्या कागदावर घेतो. सभेला आजीच. म्हातारीला सही येत नाही, अंगठा लावते, पण पोराचं सगळं तिला ठावं असतं.

---

सोनकी

गुर्जी, _/\_

---

जुनी_पाटी

गुरुजींचं वाचून कोसबाड आठवलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. धाकट्या भावंडाला सांभाळणं, गुरं, लाकडं, पालकांना शाळा ही चीजच परकी. तेव्हा या बायांनी 'पालकांत जागृती नाही' असा शेरा मारला नाही. सामान उचललं आणि पाड्यावरच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली. पोरांना न्हाऊमाखू घालणं, केस विंचरणं, गाणी, गोष्टी, सगळं आईबापांच्या डोळ्यांदेखत. आई शेणगोठा करता करता बघते, बाप विडी ओढत बघतो. मूल आईपासून तुटत नाही आणि शाळा परकी राहत नाही. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली तीही त्याच विचाराने.

एकात्मिक बालविकास योजना देशात आली २ ऑक्टोबर १९७५ ला. त्यातल्या अंगणवाडीत आज पोषण आहार, वजनं, लसीकरण, रजिस्टरं, मोबाईलमधली नोंदणी, इतकं सेविकेच्या डोक्यावर आहे की अंगणात बसून गाणं म्हणायला उसंत कुठली. तरी सेविकेला घराघरातलं ठाऊक असतं. गावातल्या शाळेने मेळाव्याच्या आधी तिच्याशी तासभर बोलावं, विकासपत्रात मावणार नाही एवढं कळेल.

---

चिंगीची_आई

सगळ्यांचे आभार, बरंच वाचायला मिळालं. वाचनखूण साठवली.

आमचं थोडं: शाळेला लेखी विचारलं. दोन दिवसांत फोन आला, प्रवेश झाला. :-) तिच्या बालवाडीच्या ताईंशी बोलले, त्या म्हणाल्या की चिंगी वर्गात बोलते, भांडतेसुद्धा, फक्त हरलेलं सहन होत नाही. सापशिडीत साप आला की पट उधळते. यावर काय? आम्ही आत्तापर्यंत मुद्दाम हरत होतो.

---

बकुळमाळ

पट उधळला की खेळ त्या दिवसापुरता संपला, एवढा एकच नियम, रागावल्याशिवाय. आणि तुम्ही मोठ्यांनी खरे हरा, हरल्यावर तोंडाने बोला: "अरेरे, साप! मला आता चिडायला झालंय. परत फासा टाकते." चिडलेलं माणूस चिडल्याचं सांगतं आणि पुढे खेळतं, हे तिला बघायला मिळू दे. तिचं तिला लगेच जमणार नाही. आमच्या वर्गात डिसेंबर उजाडतो कित्येकांना.

सातची लोकल, तुमचा मुद्दा मान्य. लिहिताना 'आई' हा शब्द माझ्या लेखणीतून आपोआप येतो खरा. पण बुधवारच्या सभेचा दोष माझ्या माथी नको, आमच्याकडे शनिवारी दुपारी असते आणि तरी बाबा लोक गेटाबाहेर मोटरसायकलवर बसून राहतात. आत या म्हटलं की "ती आहे ना आत." यंदा दोन निरोप पाठवणार आहे, दोघांच्या नावाने वेगळे. बाप_माणूस, तुम्ही एक मजकूर लिहून द्याल का? तुमची जमात कशाने आत येईल ते तुम्हालाच माहीत.

मनकवडी, टेबलाचं पटलं. मेळाव्यात आम्ही आता प्रश्न काढून टाकून तिथे मातीचे गोळे ठेवावेत म्हणते. तीन-चार मुलांत एकच लाटणं. कोण मागतं, कोण ओढतं, कोण बघत बसतं, ते न विचारता दिसेल, आणि पालकांनाही पुरवायला उत्तर उरणार नाही.

श्टुटगार्टच्या पंतांच्या कोपऱ्याबद्दल आमच्या मुख्याध्यापकांशी बोलले. पहिला आठवडा पालकांपैकी कुणीही एक, आजी-आजोबा-काका चालतील, अर्धा तास शाळेत थांबेल असं सुचवलं. वर्गात चाळीस मुलं, त्यात चाळीस मोठी माणसं कुठे बसवणार, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. शेवटी दहा-दहाच्या तुकड्या करून वेगवेगळ्या दिवशी बोलवायचं ठरतंय, आणि पालक वर्गात न बसता बाहेरच्या ओट्यावर, मुलाला दारातून दिसतील असे. ओट्यावर पत्रा नाही आणि जूनचा पाऊस आहे. तेव्हा सध्या ताडपत्रीच्या शोधात आहे.

---

उसाचं_टिपरू

ताई, ताडपत्री आमच्याकडं लय. कोप्यांवरच्या असतात, कारखाना बंद झाला की पडून राहतात. मापं कळवा.

---

बाप_माणूस

मजकूर: "शनिवारी २ वाजता. अर्धा तास. भाषण नाही. तुमचं मूल वर्गात कुठे बसतं ते बघायला या." प्रोजेक्ट हा शब्द कुठेही घालू नका, पळतील.